सातव्या खिळ्यावरचा सापळा

उजव्या भिंतीवर अठरा खिळे होते, तळ्यात टाकायचे अठरा सापळे होते, आणि त्यांतले सतरा कोरडे होते.

हेनिंगनं पुन्हा मोजलं. दारापासून आतल्या कोपऱ्यापर्यंत, प्रत्येक सापळ्याच्या जाळीवर एक बोट टेकवत. पहिल्या सहा सापळ्यांनी बोटाला धूळ लावली. सातव्यानं ती धुऊन टाकली. आठव्यापासून पुन्हा धूळ.

समोरच्या, डाव्या भिंतीवरही अठरा खिळे होते. ते सगळे रिकामे होते.

त्यानं खिशातून ताणकाटा काढला. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेला माणूस. नोकरीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ताणकाटा काही खिशातून निवृत्त झाला नव्हता. त्यानं सातवा सापळा खिळ्यावरून उतरवला, काट्याच्या आकड्याला लावला आणि झुलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून धरला. नऊशे पाच ग्रॅम. गेल्या वर्षी याच दिवशी नऊशे पाच, त्याच्या आदल्या वर्षीही नऊशे पाच. वर्षातल्या इतर कुठल्याही दिवशी होडीघरात येऊन वजन करावं, तर सहाशे चाळीस.

छप्पर गळत नव्हतं. पत्र्यावर चढून त्यानं ते दोनदा तपासलं होतं. होडीघराची किल्ली एकच होती आणि ती मालकीण बार्ब्रोच्या स्वयंपाकघरात टांगलेली असायची. पाचव्या वर्षी त्याला वाटलं, ही मित्राची, सिक्स्टेनची चेष्टा असणार, म्हणून त्यानं दाराला आतून-बाहेरून दोरा बांधून ठेवला. दोरा तसाच राहिला आणि सापळा ओला झाला. सहाव्या वर्षी खाली पत्र्याचा डबा ठेवला, तर तासाभरात बेचाळीस मिलिलिटर पाणी साठलं. पण त्या तासात सापळ्याचं वजन एका ग्रॅमनंही उतरलं नाही. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? टपकतं तेवढं कमी व्हायला पाहिजे, एवढा हिशेब तर शाळेतलं पोरही करतं.

पाण्याला तळ्याचा वास येत होता. शेवाळ, गाळ, आणि आमिषाला लावलेल्या मासळीचा.

"हेनिंग! मेलास का आत?" बाहेरून बार्ब्रोची हाक आली. "शेपू आणायला पाठवलंय तुला, नांगरायला नाही!"

त्यानं सापळा परत सातव्या खिळ्यावर टांगला. कोपऱ्यातली फुलोरा आलेल्या शेपूची जुडी उचलली आणि दार ओढून घेतलं. अकरा वर्षांत या दिवशी अकरा वेळा त्यानं तो सापळा ओला उतरवला होता, आणि अकरा वेळा परत तिथंच टांगला होता.

*

उल्वेर्न तळ्याच्या काठी, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, चार मित्र क्रेफिश खायला बसत. शाळेपासूनचा रिवाज होता तो. शुक्रवारी संध्याकाळी सापळे टाकायचे, शनिवारी पहाटे उचलायचे. वीतभर लांबीचे, शेवंडाच्या धाकट्या भावासारखे दिसणारे काळपट जीव मीठ-साखरेच्या उकळत्या पाण्यात सोडायचे, वर काळी बिअर आणि शेपूचे तुरे घालायचे, आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यायचे. मग संध्याकाळी गळ्यात लाळेरं, डोक्यावर कागदी टोपी, आणि मोठ्यांनी आवाज करत, सुर्र सुर्र रस ओढत खायचं. त्या दिवशी आवाज न करता खाणारा माणूस असभ्य.

गेली अकरा वर्षं क्रेफिश दुकानातून येत. परदेशात पकडलेले, तिथंच उकळलेले, किलोकिलोच्या खोक्यांत गोठवलेले. बार्ब्रो ते आदल्या रात्री वितळवायची आणि ताज्या शेपूत बुडवून ठेवायची. "मढ्याला अत्तर लावतेय," असं सिक्स्टेन दरवर्षी म्हणायचा, आणि दरवर्षी बार्ब्रो त्याला पळीनं मारायची.

सहा वाजता टेबल मांडून झालं. पाच खुर्च्या. पाच ताटल्या, पाच टोप्या, पाच लाळेरी. माणसं चार. साठ क्रेफिश, प्रत्येकाला बारा. वर दोरीवर हसऱ्या चंद्राचं तोंड असलेले पाच कागदी कंदील, त्यांतल्या एकाचा गाल फाटलेला. पाचवी खुर्ची वाल्टरची. तिच्यावर कुणी बसायचं नाही. त्याच्या ताटलीतले बारा क्रेफिश सगळ्यांत शेवटी उरलेल्यांनी वाटून घ्यायचे, हा बार्ब्रोनं घालून दिलेला नियम. बाकीचे खात. हेनिंगनं आपले तीन कधी खाल्ले नव्हते. लाळेऱ्यात गुंडाळून तो ते घरी न्यायचा आणि कुंपणापाशी पुरायचा.

"रूना अजून आली नाही," बार्ब्रो म्हणाली. सहासष्ट वर्षांची, उंच, आवाज गावभर जाईल असा. हे होडीघर, हा काठ, हे टेबल तिचंच.

"सरकारी बाई आहे ती," सिक्स्टेन म्हणाला. तो निवृत्त बसचालक, चौघांतला विदूषक. टोपी त्यानं दुपारपासूनच घातली होती. "तळ्यातल्या प्रत्येक किड्याची सही घेऊन मगच येणार."

रूना वाल्टरची मुलगी. चौतीस वर्षांची, जीवशास्त्र शिकलेली. तिनं जून महिन्यात उल्वेर्नमध्ये तीन पिंजरे बुडवले होते, प्रत्येकात दहा निरोगी क्रेफिश. दहा आठवड्यांत ते मेले, तर रोग अजून पाण्यात आहे. जगले, तर तळं साफ आहे आणि त्यात पुन्हा क्रेफिश सोडता येतील. आज दुपारी ती पिंजरे उचलणार होती.

ती आली ती रबरी बूट हातात घेऊन, अनवाणी. बूट तिनं दाराबाहेर औषधाच्या बादलीत उभे केले, हातांवर स्पिरिट चोळलं, आणि मगच टेबलाजवळ आली.

"मग?" बार्ब्रोनं विचारलं.

"बसू तर दे, मावशी."

"बसतेस काय! तोंडावरून तर काही कळत नाहीये. बापासारखीच तू, दगड!"

रूना हसली. "तीस सोडले होते. एकोणतीस जिवंत आहेत. एक गेल्या महिन्यात कात टाकताना मेला. त्याची आणि पाण्याची तपासणी प्रयोगशाळेनं कालच कळवली. रोग नाही. कुठंच नाही."

सिक्स्टेननं टोपी हवेत उडवली. ती कंदिलावर अडकली. बार्ब्रोनं रूनाचं डोकं दोन्ही हातांनी धरून तिच्या केसांवर तोंड टेकवलं आणि बराच वेळ वर पाहिलंच नाही. हेनिंग म्हणाला, "एकोणतीस. छान. सत्त्याण्णव टक्के."

"शहाण्णव पूर्णांक सहासष्ट," रूना म्हणाली. "हेनिंगकाका, तू पूर्वी आकडे असे गोल करत नव्हतास."

*

पहिला प्याला भरला गेला. सिक्स्टेननं सुरीचा दांडा टेबलावर आपटून ताल धरला आणि आपलं स्वतःचं गाणं काढलं:

"नांगी मोडा, रस ओढा,
उद्याची चिंता उद्यावर सोडा!"

"स्कोल!" सगळे म्हणाले. कडक दारू घशातून खाली गेली. नांग्या मोडल्या. काही वेळ फक्त सुर्र सुर्र आणि टरफलं ताटलीत पडण्याचा आवाज. तळ्यावरून गार वारा येत होता, कंदील हलत होते, आणि वाल्टरच्या रिकाम्या खुर्चीसमोर, ताटलीत, बारा क्रेफिश नांग्या पसरून बसले होते. हेनिंगचं लक्ष तिथं गेलं. बारापैकी अकरांची शेपटं आत वळलेली होती. एकाचं सरळ होतं.

"अरे, ते बघा," सिक्स्टेनलाही दिसलं. "वाल्टरच्या वाट्याला सरळ शेपटाचा आलाय! जिवंत उकळला असता तर वळला असता. तो आधीच मेलेला होता बिचारा. काढ गं तो, बार्ब्रो, कुणाच्या पोटात जायला नको."

"राहू दे," रूना म्हणाली. "बाबांना चालेल."

सिक्स्टेननं घाईघाईनं दुसरा प्याला भरला.

अकरा वर्षांपूर्वी, याच शनिवारनंतर तीन आठवड्यांनी, उल्वेर्नमधले क्रेफिश दिवसाढवळ्या उथळ पाण्यात चालायला लागले होते. जे जीव उभ्या जन्मात उजेडात येत नाहीत, ते ताठ पायांवर, काठ्यांवर चालावेत तसे काठाकाठानं फिरत होते आणि उताणे पडत होते. सप्टेंबर संपायच्या आत तळ्यात एकही उरला नाही. शेजारच्या तळ्यांत अमेरिकी जातीचे क्रेफिश सोडलेले होते. त्यांच्या अंगावर हा रोग असतो, त्यांना तो मारत नाही, पण इथल्यांना मारतो. ओल्या जाळीवरून, ओल्या बुटावरून, थेंबभर पाण्यातूनही तो येतो. म्हणून नियम होता, आणि तो घालणारा वाल्टरच होता: दुसऱ्या पाण्यातून आलेला सापळा डाव्या भिंतीवर. उकळून, वाळवून झाला की उजव्या. उजव्या भिंतीवरचा सापळा डोळे मिटून पाण्यात टाकावा.

त्या जुलैत वाल्टर चुलतभावाच्या तळ्यावर मदतीला गेला होता. सगळ्या गावाला ते माहीत होतं. मच्छीमार मंडळाच्या बैठकीत त्याला विचारलं गेलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मी सगळे सापळे उकळले होते. शुक्रवारी मी उजव्या भिंतीवरून उचलले." कुणी त्याच्यावर ओरडलं नाही. मान हलवून सगळे घरी गेले, आणि त्यानंतर दुकानात त्याच्याशी कुणी बोलेना. त्यानं सतरा सापळे पुन्हा उकळले. सातवा मात्र नुसता वाळवला आणि परत त्याच खिळ्यावर टांगला. तिघा मित्रांसमोर म्हणाला, "याला कुणी हात लावायचा नाही. ज्यानं ओला टांगला, त्यानंच उतरवावा." मित्रांनाही वाटलं, माणूस दुसऱ्यावर ढकलतोय. तसं एका मित्राला वाटलं नव्हतं.

पुढं तो रोज संध्याकाळी विजेरी घेऊन होडीतून निघायचा. एखादा तरी जिवंत दिसेल म्हणून पाण्यात उजेड टाकत राहायचा. नोव्हेंबरात होडी लव्हाळ्यांच्या बनात सापडली. विजेरी अजून जळत होती. वाल्टर दोन दिवसांनी सापडला.

*

"मला एक सांगायचंय," रूना म्हणाली. तिनं हात पुसले आणि पिशवीतून एक कागद काढला. "पुढच्या जूनमध्ये दोन हजार पिल्लं सोडायची आहेत. मंडळानं पैसे मंजूर केलेत. धक्क्यावर एक पाटी लागेल. मी मजकूर लिहिलाय, तुम्ही ऐका आणि सांगा."

"वाच," बार्ब्रो म्हणाली.

"'या तळ्यातले क्रेफिश वाल्टर एकमान यांच्या चुकीमुळे नष्ट झाले. त्यांच्या मुलीनं ते परत आणले.' खाली तारीख."

सिक्स्टेननं सुरी खाली ठेवली. "पोरी, असं कुणी पाटीवर लिहितं का?"

"गाव मनात लिहूनच बसलंय, सिक्स्टेनकाका. पाटीवर आलं की निदान खालची ओळही वाचतील. मला ही गोष्ट एकदाची संपवायची आहे. बाबा चुकले. मी भरून दिलं. संपलं."

हेनिंगच्या हातात नांगी होती. ती तो मोडू शकत नव्हता. आता बोलावं, असं त्यानं अकरा वर्षांत किती वेळा ठरवलं होतं ते मात्र त्यानं कधी मोजलं नव्हतं. आणि प्रत्येक वेळी तेच कारण पुढं यायचं: मेलेल्या माणसाचं आता काय बिघडणार आहे? पण समोर बसलेली ही जिवंत होती, आणि ती कागदाची घडी नीट घालून पिशवीत ठेवत होती. जूनमध्ये ते शब्द पत्र्यावर कोरले जाणार होते.

वारा पडला. त्या शांततेत होडीघराकडून आवाज आला. टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप.

हेनिंगनं मान वर केली नाही. हा आवाज तो दरवर्षी ऐकायचा, आणि बाकीच्यांच्या तोंडाकडे बघून त्याची खात्री व्हायची की तो त्याला एकट्यालाच ऐकू येतो.

"काय टपकतंय?" रूनानं विचारलं.

"कुठं काय?" बार्ब्रो म्हणाली.

"होडीघरात. ऐक ना. आता. ऐकलंस?"

"मला नाही बाई काही ऐकू आलं. सिक्स्टेन?"

"माझा एक कान बसच्या इंजिनानं खाल्ला आणि दुसरा बायकोनं."

"हेनिंगकाका, तुला?"

हेनिंगनं डोक्यावरची कागदी टोपी काढली आणि ताटलीशेजारी ठेवली.

"सातवा सापळा आहे तो," तो म्हणाला. "मी टांगला होता."

कुणालाच कळलं नाही. तेव्हा त्यानं पहिल्यापासून सांगितलं, अहवाल वाचावा तसं. त्या गुरुवारी त्याच्या बहिणीच्या नवऱ्याचा एक सापळा फाटला होता, म्हणून त्यानं इथून एक नेला. विचारून नाही, किल्ली घेतली आणि नेला. मेहुण्याच्या तळ्यात अमेरिकी क्रेफिश होते. शुक्रवारी परतताना सगळ्या वाटेत पाऊस होता आणि सापळा गाडीच्या टपावर होता. डावी भिंत भरलेली होती, वाल्टरनं कुणाकुणाचे सापळे उकळायला आणून ठेवले होते. "मी म्हटलं, घटकाभर उजव्या भिंतीवर अडकवतो, पाणी तापवतो आणि उकळतो. तेवढ्यात तू हाक मारलीस, बार्ब्रो. टेबल हलवायचं होतं. टेबल हलवलं. मग खुर्च्या. आणि मग मी घरी गेलो."

"मी हाक मारली," बार्ब्रो हळूच म्हणाली.

"रात्री आठवलं. वाटलं, ओला दिसून वाल्टरनं तो मागं ठेवला असेल, सकाळी उकळू. सकाळी आलो तर सापळे पाण्यातून वर आले होते, आणि हंडा भरलेला होता, आणि वाल्टर हसत होता."

"अकरा वर्षं, हेनिंग," बार्ब्रो म्हणाली. तिचा तो गावभर जाणारा आवाज टेबलाच्या कडेपर्यंतही पोचला नाही. "त्याच्या प्रेताला खांदा दिलास तू. डावीकडून दुसरा."

"हो."

"बैठकीत त्याच्या शेजारी बसला होतास!"

"हो."

सिक्स्टेन उठला, दोन पावलं चालला, परत बसला. "साला," तो म्हणाला, आणि ते शिवी म्हणून म्हणाला की नुसतंच, ते त्यालाही ठाऊक नसावं. "मी त्याच्याशी दुकानात बोललो नाही. त्यानं हात वर केला होता. पावाच्या फळीपाशी. मी वळून चीज बघत राहिलो. मला चीज नको होतं रे."

रूना मात्र हलली नव्हती. "किती वाजता टांगलास?"

"पाचला पाच-दहा मिनिटं होती."

"बाबांनी सापळे भिंतीवरून कधी उचलले?"

"सात वाजता."

"म्हणजे दोन तास. आणि पावसाची हवा. वाळणं शक्यच नव्हतं." तिनं दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले. "बाबा मला म्हणाले होते. ऑक्टोबरात. म्हणाले, सातवा उचलताना जड लागला. मग वाटलं, उजव्या भिंतीवरचा आहे, दमट हवेनं झाला असेल. मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होते. मी त्यांना म्हटलं, बाबा, जड लागणं हा पुरावा नसतो. तुम्ही विसरलात हे कबूल करा, म्हणजे तुम्हालाच बरं वाटेल." ती थांबली. "ते म्हणाले, बरं. एवढंच. बरं."

होडीघरातून टप आवाज आला. या वेळी बार्ब्रोनं दाराकडे पाहिलं.

*

चौघंही उठली. फाटक्या गालाचा कंदील सिक्स्टेननं दोरीवरून काढून घेतला. किल्ली बार्ब्रोकडे होती, पण तिनं ती रूनाच्या हातात दिली.

आत सापळ्यांच्या सावल्या भिंतीवर फिरल्या. सातव्याखाली फळीवर पाण्याचं काळं वर्तुळ होतं. रूनानं जाळीला हात लावला, तळवा उजेडात धरला आणि नाकाशी नेला.

"वजन केलंस?"

"चार वाजता. नऊशे पाच."

"कोरडा?"

"सहाशे चाळीस."

"परत कर."

त्यानं केलं. सिक्स्टेननं कंदील काट्याजवळ धरला. नऊशे पाच. हेनिंग सवयीनं वळला आणि सापळा पुन्हा खिळ्याकडे नेऊ लागला.

"नको," रूना म्हणाली.

तो थांबला. सापळा हातात धरून उभा राहिला. बुटावर थेंब पडत होते.

"बाबांनी काय सांगितलं होतं ते तुम्हा तिघांनाही माहीत आहे."

डावी भिंत रिकामी होती. हेनिंग तीन पावलं चालला आणि दाराजवळच्या पहिल्या खिळ्यावर त्यानं सापळा टांगला. जिथं तो अकरा वर्षांपूर्वी टांगायला हवा होता तिथं. मग रूनानं सगळ्यांना बाहेर काढलं, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

"सकाळी सहाला," ती म्हणाली. "हंडा लागेल."

"सापळे उकळायची टाकी केव्हाच गंजून गेली गं," बार्ब्रो म्हणाली. "हंडा आहे तो क्रेफिशचा."

"तोच."

टेबलावर वाल्टरची ताटली तशीच होती. त्या वर्षी त्याचे बारा कुणी वाटून घेतले नाहीत. रूनानं सरळ शेपटाचा तेवढा उचलला, हातात घेऊन थोडा वेळ बघितला, आणि पाटीच्या मजकुराच्या कागदात गुंडाळून खिशात ठेवला. निघताना हेनिंगनं "रूना" म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "आता नको, काका. मंगळवारी मंडळाची बैठक आहे. तिथं बोल. उभा राहून."

"बोलेन."

"तारीख आणि वेळेसकट."

"हो."

*

सकाळी धुकं होतं. तळं दिसत नव्हतं, फक्त त्याचा आवाज येत होता. हेनिंग पावणेसहालाच आला होता. बार्ब्रोनं चूल पेटवली होती आणि साठ लिटरचा तो हंडा वर चढवला होता. अकरा वर्षांत त्यात काही उकळलं नव्हतं. तळाशी शेपूची एक वाळकी काडी चिकटलेली होती. तिनं ती काढली नाही.

रूनानं कुलूप उघडलं. डाव्या भिंतीवर, पहिल्या खिळ्यावर सापळा होता. खालची फळी ओली होती. बाकी सगळं कोरडं.

"उतरव," ती म्हणाली.

हेनिंगनं उतरवला. पाणी खळखळायला लागलं तसा त्यानं सापळा दोन्ही हातांनी आत सोडला आणि लाकडी पळीनं खाली दाबून धरला. वाफ तोंडावर येत होती. त्याला मागं सरकायला कुणी सांगितलं नाही आणि तो सरकला नाही. सिक्स्टेन टोपीशिवाय बसला होता. हंड्यातल्या पाण्याला आधी गाळाचा वास आला, मग मासळीचा, मग काही वेळ, बार्ब्रोनं घातला नसतानाही, शेपूचा. मग कसलाच नाही.

रूनानं घड्याळ लावलं होतं. नियमात पाच मिनिटं होती. तिनं वीस होऊ दिली.

नऊ वाजता धुकं उठलं. सापळा कुंपणाच्या तारेवर उन्हात टांगला. दुपारभर चौघंही काठावर होती; कुणी टरफलं गोळा केली, कुणी कंदील उतरवले, कुणी नुसतं पाण्याकडे बघत बसलं. दर तासाला हेनिंग सापळा काट्याला लावायचा आणि आकडा मोठ्यांनी वाचायचा, आणि रूना तो लिहून घ्यायची. आठशे वीस. सातशे बारा. सहाशे सहासष्ट. सहाशे चाळीस. आकडा तिथं, नेहमीच्या कोरड्या वजनावर, थांबेल असं हेनिंगला वाटलं होतं. तो थांबला नाही.

चार वाजता, आणि पुन्हा खात्रीसाठी पाच वाजता, सहाशे एकतीस ग्रॅम.